कस्टम रिकव्हरी टाकली की फोटो निघतात, हे अर्धंच खरं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मोबाईलबद्दलचं जे सदर येतं त्यात मागं एकदा छापून आलं होतं की फोन लोगोवर अडकला, पुढं जाईना, तर घाबरायचं नाही, कस्टम रिकव्हरी (फोन चालू न होताही उघडणारा, बाहेरून टाकलेला दुरुस्तीचा मेनू) टाकायची आणि आतले फोटो कॉम्प्युटरवर ओढून घ्यायचे. माझं परभणीत मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे साहेब, आणि लोकं ते कात्रण फोनच्या कव्हरात घालून यायलेत. पेपरात आलंय, मग तुम्हालाच कामून जमंना, असं तोंडावर विचारायलेत. लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही, पण अर्धं लिहिलंय, आणि राहिलेल्या अर्ध्यातच लोकांचा डेटा उडायलाय, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट तर सदरात आलीच नाही. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये कंपनीची एक रिकव्हरी असतेच, पॉवर आणि व्हॉल्यूमचं बटन दाबून धरलं की येते ती, त्यात रिबूट, अपडेट, वाईप डेटा (आतलं पुसणं) अशा चार ओळी असतात आणि संपलं, मेमरी उघडून आत काय आहे ते बघायची सोय तिथं नसते. ती सोय कस्टम रिकव्हरीत असते. आधी क्लॉकवर्कमॉड चालायची, २०११ पासून टीडब्ल्यूआरपी आली आणि आता बहुतेक तीच किंवा तिच्यावरूनच बनवलेली दुसरी एखादी चालते. त्यात फाईल मॅनेजर आहे, बॅकअप आहे, माउंट (मेमरी किंवा कार्ड जोडून उघडायची सोय) आहे, सगळं आहे, मान्य. पण ती टाकायला बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कुठलं सॉफ्टवेअर चालू द्यायचं ते ठरवणारा भाग, अनलॉक लागतो, आणि बूटलोडर अनलॉक करताना फोन स्वतःच आतला सगळा डेटा पुसतो. ही काही गडबड नाही, मुद्दाम तशी रचना केलेली आहे, नाहीतर चोरानं फोन नेला की अनलॉक करून आतलं सगळं काढून घेतलं असतं. म्हणजे ज्या फोटोसाठी रिकव्हरी टाकायची ते फोटो रिकव्हरी टाकायच्या आधीच गेलेले असतात! फोन बंद पडल्यावर हा उपाय करायचा म्हणजे हातानं फोटो घालवायचे आणि वर दुकानदाराला पैसे द्यायचे.

मग हा उपाय कुणाच्या कामाचा? ज्यांचा फोन आधीपासून अनलॉक आहे त्यांच्या. आपल्याकडं अशी पोरं कमी नाहीत, लातूरला नांदेडला शिकायला गेलेली, रूममध्ये बसून कस्टम रॉम (कंपनीऐवजी दुसऱ्यानं बनवलेलं अँड्रॉइड) मारायची, रूट करायची (फोनचा पूर्ण ताबा घ्यायची), आणि तो फोन जुना झाला की गावाकडं वडिलांना द्यायची. वडिलांना त्यातलं काही माहीत नसतं, अपडेट आलं म्हणून दाबतात आणि फोन लोगोवर जाऊन बसतो.

असेच जिंतूरकडचे एक काका आले होते. अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात गेलेलं, विम्याची तक्रार तेव्हा ७२ तासांच्या आत टाकायची असायची ती त्यांनी टाकली होती, पण बांधावर उभं राहून काढलेले फोटो सगळे फोनात आणि फोन चालू होईना. गावात कुणीतरी सांगितलेलं की सॉफ्टवेअर मारा, सगळं उडंल पण फोन चालू होईल. मी रिकव्हरीत गेलो तर टीडब्ल्यूआरपी आली, म्हटलं चला, नशीब आहे. तिनं पासवर्ड मागितला, काकांनी स्क्रीनवर रोजचा पॅटर्न काढला आणि इंटरनल मेमरी उघडली. मग फाईल मॅनेजरमध्ये 'एसडीकार्ड' फोल्डर, त्यात डीसीआयएम (कॅमेऱ्याच्या फोटोंचा फोल्डर), ते आख्खं कॉपी करून 'एक्स्टर्नल एसडी'मध्ये टाकलं. काका म्हणायले, अहो कार्डातून कार्डात काय टाकायलात? त्यांचंही बरोबर होतं, कारण इथंच लई जणांचा घोळ होतो.

जुन्या फोनमध्ये एसडीकार्ड म्हटलं की खरंच मेमरी कार्ड असायचं. नंतर फोनमध्येच मोठी मेमरी यायला लागली तरी जुन्या ॲपना अडचण नको म्हणून नाव तेच ठेवलं. त्यामुळं रिकव्हरीत 'एसडीकार्ड' दिसतं ते तुमचं कार्ड नसतं, ती फोनची इंटरनल मेमरी असते, खरी जागा 'डेटा' पार्टिशनमध्ये (मेमरीच्या एका भागात) 'मीडिया' आणि त्यात '०', हे शून्य २०१२ च्या अँड्रॉइड ४.२ पासून आलं, एका टॅबलेटवर एकापेक्षा जास्त युजर करता यायला लागले तेव्हापासून. खरं कार्ड 'एक्स्टर्नल एसडी' नावानं दिसतं, ओटीजीला पेनड्राइव्ह लावला तर तो वेगळा, आणि हे दिसत नसतील तर माउंटमध्ये जाऊन समोरच्या चौकोनात टिक करावी लागते. फोटो इंटरनलमधून इंटरनलमध्येच कॉपी करून निवांत झालेली माणसं मी बघितलीत, पुढचं वाईप मारलं की दोन्ही कॉप्या गेल्या. व्हॉट्सॲपचे फोटो बघायचे तर अँड्रॉइड ११ पासून ते अँड्रॉइड फोल्डरच्या आत मीडियामध्ये गेलेत, बाहेरच्या व्हॉट्सॲप फोल्डरात शोधून काही सापडत नाही.

पासवर्ड टाकूनही उघडंना तर? हे लई वेळा होतं. इंटरनल स्टोरेज शून्य एमबी दाखवतं, किंवा फोल्डर दिसतात पण नावं अशी की अक्षरं आकडे सगळ्याची भेळ. लोकांना वाटतं मेमरी करप्ट झाली. करप्ट काही नसतं, एन्क्रिप्शन (डेटावरचं कुलूप) उघडलेलं नसतं एवढंच. अँड्रॉइड ६ च्या काळापासून नव्या फोनात एन्क्रिप्शन आधीपासूनच चालू यायला लागलं, ७ पासून प्रत्येक फाईलला वेगळं कुलूप लावायची पद्धत आली आणि १० घेऊन जे नवे फोन बाजारात आले त्यांना तीच पद्धत सक्तीची झाली. रिकव्हरी त्या अँड्रॉइडशी जुळणारी नसली तर तुमचा पॅटर्न शंभर टक्के बरोबर असला तरी ती उघडू शकत नाही.

आणि नेमकं इथंच माणूस घात करून घेतो, कारण नेटवर सगळीकडं एकच लिहिलेलं असतं, फॉरमॅट डेटा करा, यस टाईप करा, इंटरनल दिसायला लागंल. दिसतं ना, पण रिकामं दिसतं! ज्या पोराला नवा रॉम मारायचाय आणि आतलं काही नकोय त्याच्यासाठी तो सल्ला बरोबर आहे, फोटो वाचवायला आलेल्या माणसासाठी नाही. अशा वेळी आधी त्याच मॉडेलची आणि फोनात जे अँड्रॉइड आहे त्यालाच चालणारी रिकव्हरी शोधायची. नाही मिळाली तर फोनात होता तोच रॉम, त्याच व्हर्जनची झिप, मेमरी कार्डात टाकून काहीही वाईप न मारता वरून मारायची. इंटरनल बंद असलं तरी कार्ड उघडतं, सिस्टीम तेवढी नवी बसते, डेटाला हात लागत नाही, आणि बिघाड सिस्टीममध्येच असला तर फोन चालू होतो. फोन चालू झाला की पॅटर्न टाकून तो स्वतःच सगळं उघडतो. कार्डाचा स्लॉट नसला तर पेनड्राइव्ह, तेही नसलं तर कॉम्प्युटरवरून एडीबी साईडलोड (केबलनं झिप पाठवून बसवणं).

वाईपबद्दल तर सदरात एका वाक्यात उरकलंय, वाईप मारून बघा म्हणून. कुठलं वाईप? कंपनीच्या रिकव्हरीतलं वाईप डेटा मारलं की फोटोसकट सगळं जातं. टीडब्ल्यूआरपीतलं साधं फॅक्टरी रीसेट मारलं तर ॲप आणि सेटिंग जातात पण फोटोचा फोल्डर ती सोडून देते. आणि त्याच स्क्रीनवर शेजारी असलेलं फॉरमॅट डेटा सगळं नेतं. ही तिन्ही बटनं एकच समजून दाबली जायलेत.

बॅकअपचंही तेच. टीडब्ल्यूआरपीत डेटाचा बॅकअप घेतला म्हणून पोरं निश्चिंत असतात, पण त्या बॅकअपमध्ये इंटरनल मेमरीतले फोटो येतच नाहीत, ती तो फोल्डर वगळूनच बॅकअप घेते. शिवाय बॅकअप ठेवायची जागा बदलली नाही तर तो इंटरनलमध्येच जाऊन बसतो, मग फॉरमॅट डेटा मारला की बॅकअपही त्याच्याबरोबर. सिलेक्ट स्टोरेज म्हणून बटन आहे, त्यात मायक्रो एसडी निवडायचं, एवढंच काम आहे.

कॉम्प्युटरला लावलं तर रिकव्हरीतूनही इंटरनल आणि कार्ड अशी दोन खाती दिसायला पाहिजेत, नाही दिसली तर माउंटमध्ये एमटीपी (कॉम्प्युटरला फाईली दाखवायची सोय) एकदा बंद करून परत चालू करावं, केबल चार्जिंगपुरती नाही ना तेही बघावं. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं एक्सफॅटमध्ये (कार्डाच्या फॉरमॅटचा एक प्रकार) येतात, जुन्या रिकव्हऱ्यांना ती काही वेळा वाचता येत नाहीत, तेव्हा दुसरं ३२ चं कार्ड टाकलं की काम होतं.

एक मात्र ध्यानात ठेवण्यासारखं. अँड्रॉइड ६ पासून काही फोनमध्ये कार्ड घातलं की विचारतात, हे इंटरनल स्टोरेज म्हणून वापरायचं का. जागा वाढंल म्हणून लोक हो म्हणतात. त्यानंतर ते कार्ड त्या एका फोनचंच होतं, काढून कार्ड रीडरला लावलं तर कॉम्प्युटर म्हणतो फॉरमॅट करा, कारण त्याची चावी फोनच्या इंटरनलमध्ये असते. फोन फॉरमॅट झाला की चावी गेली, चांगलं धडधाकट कार्ड हातात असून फोटो नाहीत. शेतीचे, पंचनाम्याचे, लग्नाचे फोटो ज्यांना कार्डात ठेवायचेत त्यांनी पोर्टेबल स्टोरेज म्हणूनच ठेवावं आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सेव्ह कुठं होतं ते एकदा बघून घ्यावं. फोन कितीही बिघडला तरी तसलं कार्ड काढून दुसऱ्या फोनात घातलं की झालं, रिकव्हरीचा विषयच येत नाही.

काहीजण म्हणतात या एन्क्रिप्शननंच वाट लावली, आधी बरं होतं. आधी काय होतं ते आम्ही दुकानदारांनी बघितलंय. रिकव्हरीत जाऊन लॉकची एक फाईल डिलीट मारली की कुणाच्याही फोनचा पॅटर्न गायब व्हायचा, फोन कुणाचा आहे हे विचारायचीही गरज नसायची. बायाबापड्यांचे फोन हरवतात, त्यात काय काय असतं, त्या मानानं आत्ताचं कुलूप बरंच म्हणायचं.

सदर लिहिणाऱ्या साहेबांना विनंती की पुढच्या वेळी बूटलोडरचं आणि फॉरमॅट डेटाचं एवढं तरी चौकटीत छापावं. आणि जमलंच तर हेही छापावं की मेमरीची चिप काढून डेटा काढून देतो, मोठ्या शहरात पाठवावं लागंल, आधी ॲडव्हान्स द्या, असं कुणी म्हणालं तर पहिल्यांदा फोन कुठल्या अँड्रॉइडचा आहे ते विचारावं. एन्क्रिप्शन असलेल्या नव्या फोनात चावी प्रोसेसरशी बांधलेली असते, नुसती मेमरीची चिप दुसऱ्या बोर्डावर बसवून फोटो उघडत नाहीत, प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही सोबत हलवावी लागतात आणि वर पॅटर्न माहीत पाहिजे तो वेगळाच. आमच्याकडं ॲडव्हान्स देऊन बसलेली माणसं अजून फोनची वाट बघायलेत.

आपला,
एक वाचक, परभणी