दीर्घिकेला शेजार भोवतो

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला दीर्घिकांवरचा, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या गॅलेक्सींवरचा लेख वाचला, फोटो झकास होते पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय. सर्पिल, लंबवर्तुळाकार, अनियमित असे प्रकार सांगितले आणि लेख संपला, जणू जन्मतानाच शिक्का बसला की कायमचा. दीर्घिका कुठल्या वस्तीत राहते यावर तिचा आकार किती अवलंबून असतो हे कुठेच आलं नाही, आणि खरी गंमत तर तिथेच आहे ना! खगोलशास्त्रज्ञ ॲलन ड्रेसलर यांनी १९८० मध्येच ५५ क्लस्टर (म्हणजे दीर्घिकांचे मोठे, दाट पुंज) तपासून दाखवलं की मोकळ्या भागात दहातल्या आठेक दीर्घिका सर्पिल नाहीतर अनियमित असतात आणि क्लस्टरच्या दाट गाभ्यात जेमतेम एखादी.

कारणं बरीच आहेत, टक्कर, विलीनीकरण वगैरे, पण मला सगळ्यात भारी वाटतं ते वायू ओरबाडला जाणं. क्लस्टरमधल्या दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसते, तिथे कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू असतो, त्यात एखादी सर्पिल दीर्घिका सेकंदाला हजारेक किलोमीटरने घुसली की बाईकवर सुसाट जाताना टोपी उडावी तसा तिचा थंड हायड्रोजन मागे उडतो. तारे जागेवरच राहतात, त्यांना त्या वाऱ्याचं काही नाही, पण नवे तारे बनवायचा कच्चा मालच गेला मग काय, निळे तारे तसेही अल्पायुषी, ते विझले की सर्पिल भुजा पुसट होतात आणि लालसर थाळी उरते. नॉर्मा क्लस्टरमधल्या ईएसओ १३७-००१ या दीर्घिकेचा फोटो बघा, हबल दुर्बिणीच्या चित्रात मागे निळे धागे लोंबताना दिसतात आणि चंद्रा दुर्बिणीच्या क्ष-किरणांत तर अडीच लाख प्रकाशवर्षांहून लांब शेपटी!

आपली आकाशगंगा छोट्या समूहात आहे म्हणून तिच्या भुजा अजून शाबूत आहेत.

आणि हा थंड हायड्रोजन २१ सेंटिमीटरच्या रेडिओ लहरींवर सापडतो, त्या टिपणाऱ्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश आपल्या नारायणगावजवळ खोडद परिसरात उभ्या आहेत, मग परदेशी एजन्सीचा मजकूर भाषांतर करून छापण्यापेक्षा एखादा वार्ताहर तिकडे का पाठवत नाही? आणि हो, लेखातल्या मोठ्या फोटोखाली ‘आकाशगंगा’ लिहिलंय, ती शेजारची देवयानी दीर्घिका आहे.

आपला एक नियमित वाचक, पुणे