आधी आटे बघा : उद्यमनगरातल्या मिस्त्रींना पत्र

आदरणीय मिस्त्री,
सप्रेम नमस्कार.

नळामागं थेंब दिसला की गिऱ्हाईक म्हणतं, "टेफ्लॉन टेप कमी पडली." तुम्ही मात्र विचारायचात, "आटे बघितलेस का?" शिवाजी उद्यमनगरात तुमच्या आटे पाडायच्या मशीनपाशी जे कानावर पडलं, त्यावर आज आम्हा प्लंबरांचं पोट चालतं. त्याचे आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे उघड पत्र.

निमुळते आणि सरळ आटे वेगळे ओळखायला तुम्ही शिकवलंत. निमुळत्या आट्याचा व्यास दर 16 मिलिमीटरला 1 मिलिमीटरनं बदलतो, म्हणून फिरवत गेलं की धातूवर धातू आवळतो; टेप किंवा ताग उरलेली फट तेवढी भरतो. गिझरच्या कनेक्शन पाईपचा नट सरळ आट्याचा. तिथं पाणी अडवतो तो रबरी वायसर. त्या आट्यावर टेप चढवली तर नट मध्येच अडकतो, वायसर पुरता दाबला जात नाही आणि गळती सुरूच राहते. अशा ठिकाणी टेपचे वेढे वाढवणारे अजूनही भेटतात!

टेपचं गणित तर तुमचंच. अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) निपलला, म्हणजे दोन्हीकडं आटे असलेल्या आखूड नळीला, साधी पातळ, 12 मिलिमीटर रुंद टेप आठ ते दहा वेढे. तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, ताणून, निम्मा वेढा निम्म्यावर चढवत. पहिला आटा उघडा, नाहीतर टेपची चिंधी सुटून नळाच्या जाळीत जाऊन बसते. एका वेढ्याला साडेसहा सेंटीमीटर धरले तर दहा मीटरच्या रिळात पंधराएक जोड होतात. पंचवीस जोड निघाले तर कुठंतरी चोरी झाली, असं तुम्ही म्हणायचात.

सगळ्यात जास्त वाचवलंय ते एका सवयीनं : आवळलेला जोड मागं फिरवायचा नाही. नळ आवळताना तोंड सरळ रेषेच्या पुढं गेलं की हात आपोआप तो पाव फेरा मागं घेतो. तिथंच जोड मेला. आट्यात दाबलेली टेप मागं फिरताना सुटते, परत दाटत नाही. नळ पूर्ण काढायचा, जुनी टेप तारेच्या ब्रशनं साफ करायची, एक-दोन वेढे जास्त देऊन नव्यानं बसवायचा. दहा मिनिटं जातात, पण टाईल फोडायची वेळ येत नाही.

प्लास्टिकच्या बाबतीत तुम्ही कडक होता, ते बरंच झालं. सीपीव्हीसीच्या (गरम पाणीही चालणाऱ्या प्लास्टिक पाईपच्या) फिटिंगमधल्या आतल्या आट्यात धातूचा निपल पान्ह्यानं आवळला की सॉकेट आतून ताणला जातो. चीर कधीकधी आठवड्यानं दिसते. म्हणून पितळी आट्याचं फिटिंग घ्यायचं. प्लास्टिकचे आटे बाहेरच्या बाजूला असतील तर टेप तीन-चार वेढेच, हातानं घट्ट आणि वर पान्ह्यानं जेमतेम एक फेरा. तेलात कालवलेला सफेदा (तागाबरोबर आट्यांना लावायची पांढरी भुकटी) सीपीव्हीसीजवळ आणायचाच नाही, तेलानं प्लास्टिक तडकतं. ॲनारोबिक सीलंट, म्हणजे आट्यांना लावायचा चिकट द्रवही फक्त धातूला, कारण ते हवा नसताना धातूला लागूनच घट्ट होतं. कारखान्यातल्या हायड्रॉलिक लाईनला मात्र तेच बरं, टेपचा तुकडा व्हॉल्व्हमध्ये अडकायची भीती नाही.

ताग-सफेद्याची तुमची आवड ठाऊक आहे. जुन्या, झिजलेल्या जीआय आट्यांवर ताग टेपपेक्षा सरस, कारण तो भिजून फुगतो. गुळगुळीत आट्यावर हेक्सॉच्या पात्यानं आधी चरे पाडायचे, म्हणजे घसरत नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं.

आता एक उलटा सल्ला, रागावू नका. फळीवरचा सफेद्याचा तो जुना डबा टाकून द्या. जुन्या सफेद्यात शिसं असायचं, आणि आपण जोडतो ती पिण्याच्या पाण्याची लाईन. नवा शिसेविरहित डबा आम्ही आणून देतो.

आपले,
तुमच्या मशीनपाशी शिकलेले कोल्हापूरचे प्लंबर