ती ‘कावला’ म्हणाली म्हणून

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर नात ‘कावला’ म्हणाली आणि आई, तू एकदम गप्प झालीस. मग म्हणालीस, “आमचंच चुकलं. घरात इंग्रजी बोललो असतो तर तुम्हाला शाळेत त्रास झाला नसता.” मला उत्तर सुचलं ते फोन ठेवल्यावर. नेहमीचंच आहे, म्हणून लिहितेय.

‘ळ’ची काळजी आत्ताच करू नकोस. ती तीन वर्षांची आहे आणि या वयाला ‘ळ’ भल्याभल्यांना चकवतो. मी स्वतः ‘बाल’ म्हणायचे, हे तूच सांगतेस.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुम्ही घरात कितीही इंग्रजी बोलला असतात तरी आम्ही तुमचे उच्चार उचलले नसते. मिल्टन कीन्स नावाचं इंग्लंडमधलं नवं शहर आहे, तिथे ठिकठिकाणची माणसं येऊन राहिली. तिथल्या मुलांचं बोलणं अभ्यासकांनी तपासलं. चार वर्षांची मुलं बरीचशी आईसारखी बोलत होती, पण आठ आणि बारा वर्षांची एकमेकांसारखी. आपल्या घरी वेगळं काय झालं? धाकटा चार वर्षांचा असताना आपण इथे परदेशात आलो आणि दोन वर्षांत तो गल्लीतल्या पोरांसारखा बोलायला लागला. मी अकराची होते. माझं ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ आजही एकच ऐकू येतं, असं तो म्हणतो (हसतो मेला). आईबाप तेच, घरातली मराठीही तीच. मग फरक तुमच्यामुळे कसा पडेल? तो वयाचा आणि सवंगड्यांचा.

कान किती लवकर ठरतो ते वाचून तर मी चाट पडले. १९८४ साली कॅनडातल्या दोन संशोधकांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता, वर्षाचं होता होता बहुतेकांना कळेनासा झाला. आपल्याला ‘व’च्या दोन तऱ्हा जड जातात, तसा इंग्रजी बोलणाऱ्यांना ‘त-ट’. यात कुणी अडाणी नाही.

आता बाबा, तुमच्याशी थोडं.

मी बारा वर्षांची होते. शाळेत पालकांची बैठक झाली आणि मैत्रिणीने विचारलं, “तुझे बाबा असं का बोलतात?” मी म्हटलं, “असं म्हणजे कसं?” मला खरंच माहीत नव्हतं. तोपर्यंत तुमच्या इंग्रजीला काही हेल आहे, हे माझ्या कानांनी कधी टिपलंच नव्हतं. टोरोंटोचे भाषाशास्त्रज्ञ जॅक चेंबर्स यांनी नेमकं हेच लिहिलंय: बाहेरून आलेल्यांच्या मुलांना आईबापांचा परका उच्चार ऐकूच येत नाही, त्यांचा कान तो गाळून टाकतो. मला हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही, कारण त्या दिवसानंतर मला दुसरं काही ऐकू येईना. मी तुम्हाला चारचौघांत सुधारायला लागले. एकदा तुम्ही कुठल्याशा ऑफिसशी बोलत होता, पलीकडचा माणूस पुन्हा पुन्हा “काय?” विचारत होता, आणि मी “द्या इकडे, मी बोलते” म्हणून फोन ओढून घेतला. तुम्ही काही बोलला नाहीत. त्यानंतर इंग्रजीतला प्रत्येक फोन आला की तुम्ही तो मुकाट माझ्याकडे आणून द्यायचात. मला तेव्हा मोठं झाल्यासारखं वाटायचं. चूक झालीच असेल तर ती ही, आणि ती माझी.

गंमत बघा. तुमच्याशी बोलताना मधेच ‘डॉक्टर’ किंवा ‘टिकीट’ आलं की माझे ड आणि ट आपोआप तुमच्यासारखे जड होतात. ऑफिसात तेच शब्द वेगळे निघतात. लंडनच्या साउथॉलमधल्या पंजाबी घरांतली, आता वयाने मोठी झालेली दुसरी पिढीही समोरचा माणूस बघून अशीच बोलणं बदलते, असं देवयानी शर्मा यांच्या अभ्यासात दिसलं. म्हणजे तुमचं बोलणं आमच्यात आहे. फक्त ते तुमच्यापुढेच बाहेर येतं.

आणि नातीचं म्हणाल, तर लॉस एंजेलिसमध्ये २००२च्या सुमाराला असं आढळलं, की लहानपणी ज्यांच्या कानांवर स्पॅनिश नुसती पडत होती, त्यांनी मोठेपणी ती शिकायला घेतली तेव्हा त्यांचे उच्चार कोऱ्या कानांनी शिकणाऱ्यांपेक्षा चांगले होते. तेव्हा आई, ती उत्तर इंग्रजीत देते म्हणून तू इंग्रजीवर येऊ नकोस. चिमणी-कावळ्याची गोष्ट सांग, चिमणीचा ‘च’ आणि चमच्याचा ‘च’ तिच्या कानांवर पडू दे.

रविवारी फोन करते. बाबा, या खेपेला तिच्याशी इंग्रजीत बोलायचं असेल तर खुशाल बोला. मी शेजारी बसेन, पण मधे बोलणार नाही.

तुमची,
ताई