ताई, त्या रात्री मला फॉरमॅट करू दिलं नाहीत म्हणून

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे आपल्या त्या दोन तासांच्या बोलण्यावरूनच कळलं होतं. पण आभार मला चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

मित्राने तुमचा नंबर दिला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. समोर लॅपटॉप, काळी स्क्रीन, वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत एकच ओळ. विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला गेलो आणि दोन्ही गेले, अशी माझी समजूत झाली होती. चौदा महिने चाललेल्या भाषांतराची एकुलती एक प्रत त्याच डिस्कवर होती. माझं डोकं चालेनासं झालं होतं. सगळं पुसून नव्याने विंडोज टाकायचं, हे जवळजवळ ठरलंच होतं.

तुम्ही माझं सगळं बोलणं मध्ये न तोडता ऐकलंत आणि म्हणालात, "काय झालं असेल ते राहू द्या. स्क्रीनवर जे लिहिलंय ते अक्षरन् अक्षर वाचून दाखवा."

बूट करता येईल असं डिव्हाइस सापडलं नाही, एवढंच तिथे लिहिलं होतं.

"म्हणजे डिस्क गेली असं कुठेही म्हटलेलं नाही. मशीनला सुरुवात कुठून करायची ते सापडत नाहीये, इतकंच. आता काहीही फॉरमॅट करू नका."

लगेच तुमचा पुढचा प्रश्न आला, बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदललंत का? बदललं होतं. पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू होईना, तेव्हा कोणीतरी सांगितलं म्हणून बूट मोड (मशीन सुरू होण्याची पद्धत) यूईएफआय या नव्या पद्धतीवरून लेगसी या जुन्या पद्धतीवर नेला होता. इन्स्टॉल करताना शेवटी बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) बसत नसल्याची एरर आली, तीही मी न वाचता पुढे सरकवली होती. हे कबूल करताना मला ओशाळायला झालं. तुम्ही त्यावर एक शब्दही बोलला नाहीत. "बरं झालं सांगितलंत, आता शोधायला सोपं," एवढंच म्हणालात.

मग तुम्ही जे समजावलंत ते मला आजही तोंडपाठ आहे. जुन्या पद्धतीत मशीन डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर वाचतं आणि त्यातल्या जेमतेम ४४६ बाइटांत मावणाऱ्या कोडपासून सुरुवात करतं. यूईएफआय तसं करत नाही. ते फॅट३२ या साध्या फाइल-पद्धतीतलं एक छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग, उघडतं आणि त्यातली बूटलोडरची फाइल चालवतं. माझी डिस्क जीपीटी (पार्टिशनच्या नोंदींची नवी पद्धत), विंडोज यूईएफआयचं, आणि मशीनला मी लावलं होतं जुन्या जागी शोधायला. तिथे काहीच नव्हतं. लिनक्सच्या इन्स्टॉलरलाही लेगसीत असताना ग्रब हा लिनक्सचा बूटलोडर बसवायला जीपीटी डिस्कवर बायोस बूट पार्टिशन नावाचा वेगळा छोटा भाग लागतो, तो नव्हताच. "पत्ता चुकलाय, घर पडलेलं नाही," हे तुमचं वाक्य ऐकलं आणि तासाभरात पहिल्यांदा मी खुर्चीला पाठ टेकली. इन्स्टॉल करताना यूईएफआयचं ते १०० एमबीचं पार्टिशन फालतू समजून मी पुसणार होतो, हे आठवलं की अजूनही धस्स होतं.

बायोसला हात लावण्यापूर्वी तुम्ही बिटलॉकरचं, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचंही विचारलंत. ते चालू असतं तर विंडोजने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली असती. माझ्याकडे ते बंद होतं. बूट मोड परत यूईएफआयवर नेला, सेव्ह केलं, आणि विंडोज उघडलं. सगळ्या फाइल्स जिथल्या तिथे.

फोन तिथेच ठेवून देता आला असता. पण लिनक्सकडे वळण्याआधी तुम्ही मला भाषांतराचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवायला लावलंत. नुसतं उतरवून भागलं नाही, कॉपीतल्या दोन फाइल्स उघडून शेवटचं पान वाचायला सांगितलंत. विंडोजचं फास्ट स्टार्टअप, म्हणजे पूर्ण बंद न होता पटकन सुरू होण्याची सोय, बंद करवलंत. या अर्ध्या तासासाठी मी तुमचा सगळ्यात जास्त ऋणी आहे. बाकीची दुरुस्ती कदाचित दुसऱ्या कोणी केलीही असती, पण घाबरलेल्या माणसाला इतक्या शांतपणे थांबवून आधी बॅकअप घ्यायला लावणारं माणूस मला तरी दुसरं भेटलेलं नाही.

पेन ड्राइव्ह आधी का चालला नव्हता तेही उलगडलं. सिक्युअर बूट, म्हणजे मान्यतेची सही नसलेला बूटलोडर चालू न देणारी सोय, आड येत होतं. लेगसीसाठी मी ते बंद केलं होतं, आणि ते बंदच राहिल्यामुळे तोच पेन ड्राइव्ह आता यूईएफआयमध्ये निमूट सुरू झाला. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लाइव्ह लिनक्समधून डिस्कवरचं लिनक्स माउंट करायचं (जोडून घ्यायचं), बूटलोडरचं ते छोटं ईएफआय पार्टिशन जोडायचं, मग आत शिरून ग्रबचं यूईएफआयवालं पॅकेज बसवायचं. कमांड तुम्ही सांगत होतात, टाइप मी करत होतो, पार्टिशनचं नावसुद्धा अक्षर अक्षर. "एनव्हीएमई, मग शून्य. ओ नव्हे, शून्य. एन, एक, पी, एक." प्रत्येक ओळ मी परत वाचून दाखवायची, तुम्ही "हं" म्हणालात की मगच एंटर. एकदा मी पार्टिशनचा नंबर चुकवला होता, तो तुम्ही नुसत्या ऐकण्यावरून पकडलात.

रीस्टार्ट केल्यावर ग्रबच्या मेन्यूत फक्त लिनक्स दिसलं आणि माझा आवाज पुन्हा चढला. तुमचा नाही चढला. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालून ग्रब अपडेट केलं, आणि विंडोजही यादीत आलं.

पैशांचं विचारलं तर तुम्ही हसून विषय बदललात आणि भाषांतर कुठल्या भाषेतून चाललंय ते विचारलंत. ताई, ते आता पूर्ण झालंय. तीन ठिकाणी त्याची प्रत आहे, आणि दर रविवारी एखादी फाइल उघडून शेवटचं पान वाचून बघतो.

तुमचा ऋणी,
त्या रात्री फोन केलेला एक भाषांतरकार