सरका, ताईंना पळू द्या

काका,

तुमचं नाव मला माहीत नाही. तुमच्या बुटांच्या दुकानातला मुलगा तुम्हाला काका म्हणतो म्हणून मीही म्हणते. खरं तर तुम्ही माझ्याहून फार तर दहा-बारा वर्षांनी मोठे असाल. मागे आभार मानायला आले, तर "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलात. म्हणून आता लिहितेय. लिहिलेलं तरी मध्येच तोडता येणार नाही. त्या मुलाकडून फोनवर वाचून घ्या.

तुमच्याकडे येईपर्यंत माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख दोनदा गेलं होतं. पंचेचाळिशीत पळायला लागलेली बाई मी. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला धरून एक फेरी जवळपास बाराशे मीटरची होते. पहिल्या महिन्यात ती एक पूर्ण व्हायची नाही, वर्षभरात आठ व्हायला लागल्या. दम वाढला, पाय मात्र रोज नवं रडगाणं गायचे. करंगळीला फोड, चवड्याची आग, पाच किलोमीटरनंतर बोटं बधिर. नख आधी जांभळं झालं, मग काळं, आणि एका रविवारी मोज्यातच राहिलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि काही न बोलता आत निघून गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

असं नाही की मी बुटांवर पैसे घातले नव्हते. एका चकचकीत मॉलमधल्या चकचकीत दुकानात गेले होते. तिथल्या मुलाने फोनवरची नजर न काढता विचारलं, "साइज?" मी म्हटलं सहा. सहाचा डबा आला. गुलाबी, कारण लेडीज. बोटं पुढे टेकतायत म्हटलं, तर "वापरून सैल होतील मॅडम." जरा पळून बघू का विचारलं, तर "बाहेर नाही न्यायचे, सोल खराब होईल." मग मी कार्पेटवरच आरशापर्यंत सहा पावलं गेले आणि सहा पावलं परत आले. साडेसहा हजार रुपये देऊन. सैल काही ते झाले नाहीत.

दुसऱ्या ठिकाणी यंत्र होतं. काचेवर उभं केलं, पडद्यावर माझे तळवे लाल-पिवळे-निळे उमटले, आणि निकाल लागला: फ्लॅट फूट, म्हणजे सपाट तळवे. बुटात आत घालायचे अठराशेचे इनसोल गळ्यात मारले. बूट आधीच घट्ट, त्यात ते जाडजूड इनसोल, म्हणजे उरलीसुरली जागाही गेली. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमधले एक जाणकार म्हणाले, सोलमध्ये कार्बनची पट्टी असलेले, कार्बन प्लेटवाले बूट घे, वेग वाढेल. मला वेग नको होता हो, नख हवं होतं. या सगळ्यांच्या बोलण्याचा अर्थ एकच निघत होता: बूट चांगले आहेत, तुमचा पाय चुकीचा आहे. आणि मला तो पटतही चालला होता.

तुमच्या दुकानात तर मी माझ्यासाठी आलेच नव्हते. जूनचा रविवार, मुलाचे शाळेचे काळे बूट घ्यायचे होते. अकराची वेळ, दुकानात छत्र्यांचं पाणी. त्याला बूट घालता घालता तुम्ही माझ्याकडे न बघताच विचारलंत, "ताई, कुठे लागतंय?" मी लंगडतेय हे माझ्या घरच्यांच्याही लक्षात यायचं बंद झालं होतं. मी सांगत गेले. नख सांगितलं, करंगळी सांगितली, मॉल सांगितला, यंत्र सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "सहा नंबर शेवटचा कधी मोजला होता?"

कॉलेजात असताना. काका, त्यानंतर माझं लग्न झालं, दोन बाळंतपणं झाली, ब्लाउजचं माप चार वेळा बदललं. पायाचं माप मी तेवीस वर्षं विचारलंच नव्हतं. (गरोदरपणात पायाची कमान थोडी बसते आणि पाऊल कायमचं लांब होऊ शकतं, हे मी नंतर वाचलं. बाळंतपणाबद्दल इतकं सगळं सांगणाऱ्या बायकांपैकी एकीनेही हे सांगितलं नव्हतं.)

मी लगेच पाय पुढे केला. तुम्ही म्हणालात, "आत्ता नको. उद्या ऑफिस सुटल्यावर या. दमलेले पाय घेऊन या." दिवसभरात पाऊल सुजतं, पळताना आणखी फुगतं, म्हणून माप संध्याकाळचं खरं, हे सरळ साधं कारण. पण हातात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार दादरच्या त्या गल्लीत मी तरी पहिल्यांदाच पाहिला. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "दुकानदार आहे की वैद्य?"

सोमवारच्या मोजामापीबद्दल फार लिहीत नाही. उजवा पाय डाव्यापेक्षा जरा मोठा निघाला, आणि बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा असतो हे कळलं. माझा नंबर सात. सहा आणि सातमध्ये इंचाचा तिसरा भाग, म्हणजे जेमतेम साडेआठ मिलिमीटर. एवढ्याशा जागेसाठी माझं नख दोनदा गेलं! वर तुम्ही असंही सांगितलंत की लेडीज बूट चवड्यात अरुंद येतो, आणि कोपऱ्यातून एक राखाडी जोड काढलात. जेंट्स. माझा चेहरा बघून म्हणालात, "बुटाला कुठे कळतंय ताई, आत कोण आहे ते?"

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते.

मी बूट घालून उभी राहिले. सवयीने आरशाकडे सहा पावलं जायला निघाले. तुम्ही म्हणालात, "तिथे काय बघताय? पळून बघा." मी म्हटलं, कुठे? तुम्ही दाराकडे बोट केलंत.

संध्याकाळचे सात. दादर पश्चिम. पाऊस नुकताच थांबलेला. मेथीच्या जुड्या, गजरे, हातात दोन-दोन पिशव्या घेऊन स्टेशनकडे धावणारी माणसं. मी सलवार-कमीजमध्ये, पायात पुरुषाचे, विकत न घेतलेले, कोरे बूट. मी म्हटलं, "काका, खराब होतील." तुम्ही म्हणालात, "पुसता येतात."

आणि मग तुम्ही माझ्या पुढे झालात. दोन्ही हात पसरून, बसच्या कंडक्टरच्या आवाजात: "सरका, सरका, ताईंना पळू द्या!" भाजीवालीने टोपली ओढून घेतली. एका आजोबांनी नातवाला कडेला घेतलं. कुणीतरी विचारलं, काय झालं, चोर आहे का? आणि मी पळाले. कोपऱ्यावरच्या फुलवाल्यापर्यंत आणि परत, एकदा नाही, तीनदा. पहिल्या खेपेला लाजेने कान तापले होते. दुसऱ्या खेपेला जाणवलं की बोटं बुटात मोकळी हलतायत. तिसऱ्या खेपेला मला हसू फुटलं, आणि ती भाजीवाली म्हणाली, "अजून एक राउंड मारा की."

दुकानात येऊन बसले तर तुम्ही खाली बसून कमरेचा पंचा काढलात आणि सोल पुसलेत. मी बूट घेणार की नाही, हे मी अजून सांगितलं नव्हतं. पुसता पुसता विचारलंत, "आता कुठे लागतंय?" मी म्हटलं, टाच मागून किंचित निसटतेय. तर बुटाचं सगळ्यात वरचं जे जास्तीचं भोक असतं, जे मी आजवर शोभेचं समजत होते, त्यातून तुम्ही नाडी ओवून दिलीत. टाच जागच्या जागी बसली.

जानेवारीत मी मुंबई मॅरेथॉनमधली अर्धी धावले, 21 किलोमीटर. वांद्रे-वरळी सी-लिंकवर एरवी पायी जायला बंदी. शर्यतीच्या दिवशी तो पळणाऱ्यांसाठी मोकळा करतात. 5.6 किलोमीटरचा पूल, दोन्ही बाजूंना समुद्र, एक गाडी नाही. लोक थांबून फोटो काढत होते. मला तिथे तुमची गल्ली आठवली. पुलासाठी पोलीस, पालिका, महिन्यांची तयारी लागते. ती गल्ली तुम्ही एकट्याने, दोन हातांनी मोकळी केली होतीत. पेडर रोडच्या उतारावर पाऊल पुढे सरकतं आणि नखं बुटावर आपटतात, माझी सगळी भीती त्या उताराची होती. खाली चौपाटीला आले आणि बोटं मोजली. दहाही जागेवर, नखांसकट.

या शहरात माणुसकी नाही म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. लोकलमध्ये तीन जणींच्या बाकावर सरकून चौथीला टेकायला जागा देतातच की रोज. पण ती चौथी सीट मागावी लागते. तुम्ही मी न मागता विचारलंत, आणि मी जे सांगितलं ते खरं धरलंत. यंत्रापेक्षा माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवलात. मॉलमधल्या त्या मुलावरही माझा फारसा राग नाही आता; त्याला कुणी खाली बसून पाय बघायला शिकवलंच नसेल. त्याच्या वरच्या साहेबांवर मात्र आहे.

बाकी, भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि उन्हात ठेवायचे नाहीत, ही तुमची सूचना आमच्या घरात कायदा झाली आहे. पेपर वाचायच्या आधी बुटात जातो म्हणून नवरा कुरकुरतो.

परवा मी मेडल दाखवायला आले होते. तुम्ही मेडलकडे पाहिलंतच नाही. बूट काढायला लावलेत, उलटा केलात, अंगठ्याने टाचेखालचा फोम दाबलात आणि विचारलंत, "किती झालं?" मी म्हटलं, सातशे किलोमीटरच्या आसपास. "मग संपले हे. आता भाजी आणायला घाला."

तर सोमवारी येते, ऑफिस सुटल्यावर. बरोबर नणंद आहे. तिचा नंबर पाच आहे, असं तिचं म्हणणं आहे.

तुमची,
सात नंबरवाली ताई