लोन फिटलं, पण घराचे कागद कधी देणार?

संपादक महोदय,

कोपरखैरण्यातला आमचा वन बीएचके विकला, त्यावर होमलोन होतं आणि वर टॉपअप, म्हणजे त्याच घरावर घेतलेलं जादा कर्ज पण. बँकेकडून फोरक्लोजर लेटर, म्हणजे लोन बंद करायला किती भरायचे त्याचं पत्र, घेतलं, घेणाऱ्याच्या बँकेने पैसे थेट आमच्या लोन खात्यात भरले, इथपर्यंत सगळं सुरळीत झालं.

पण ओरिजनल अ‍ॅग्रीमेंट आणि सिडकोचे कागद मागायला गेलो तर आज या, उद्या या, दीड महिना हेच चाललंय आणि घेणारा रोज संध्याकाळी फोन करतो, बिचाऱ्याचे हप्ते सुरू झालेत, त्याला काय सांगायचं? अहो, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ डिसेंबर २०२३ पासून लागू, पूर्ण कर्ज फिटलं की ३० दिवसांत कागद परत द्यायचे आणि बोजा पण उतरवायचा, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. मी त्याची प्रिंट काउंटरवर ठेवली तर मॅडम म्हणाल्या, हे आम्हाला आलेलंच नाही!

प्रत्येक शाखेत हा नियम मराठीत बोर्डावर लावायला लावा, कृपया. आणि घेणाऱ्यांनीही टोकन द्यायच्या आधी सरसाईच्या (CERSAI, मालमत्तेवरच्या कर्जांची केंद्रीय नोंद ठेवणारी संस्था) साइटवर त्या फ्लॅटचा सर्च नक्की करा, जुना टॉपअप तिथे दिसू शकतो.

एक वाचक, नवी मुंबई