घोडबंदर रस्त्याचे दगड परत लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरचे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिळवण्याचे काम, मेट्रोचे खांब, गायमुख घाटातली कोंडी, यांच्या बातम्या आपल्या अंकात सतत येतात. मी त्या शब्द न् शब्द वाचते, कारण याच रस्त्याच्या कडेला ओवळ्यात माझे सारे आयुष्य गेले. पण एक गोष्ट या बातम्यांत कधी येत नाही, म्हणून हे पत्र. या रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड गेले आहेत. काही रुंदीकरणात उखडले, काही भरावाखाली गाडले गेले, काही राडारोड्याबरोबर कुठे गेले ते कुणालाच माहीत नाही. चालू कामे उरकताना ते पुन्हा लावावेत, ही माझी मागणी आहे.

माझे वडील, आमचे दादा, सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली होते. हा शब्द आता नव्या माणसांना सांगावा लागतो. रस्त्याचा ठरावीक तुकडा ठरावीक माणसाच्या ताब्यात असे. त्या तुकड्यातले खड्डे मुरूम-खडीने बुजवायचे, साईडपट्टी सारखी ठेवायची, पावसाआधी गटारे आणि मोऱ्या मोकळ्या करायच्या, पडलेली फांदी ओढून बाजूला टाकायची, ही त्याची कामे. दादांकडे ओवळ्यापासून गायमुखापर्यंतचा रस्ता होता. मैल जाऊन किलोमीटर आले तरी हुद्द्यातला मैल राहिला आणि दादांच्या तोंडीही शेवटपर्यंत मैलच होता.

दगड रंगवायचे दिवस मला लख्ख आठवतात. आदल्या रात्री चुना भिजत घालायचा, सकाळी त्यात डिंक कालवायचा. काथ्याच्या कुंचल्याने दगड पांढरा करायचा, डोक्यावर राज्यमार्गाचा हिरवा रंग द्यायचा आणि तो वाळला की काळ्या रंगाने अक्षरे. मी डबा धरून उभी राहायची. दादांची शाळा चौथीपर्यंतच झाली होती, पण 'घोडबंदर' मधला 'घ' आणि 'ध' यांत त्यांची कधी गल्लत झाली नाही. पावसाळ्यात घरी आले की ते दगडाच्या हिशेबानेच बोलायचे. अमक्या दगडाच्या पुढच्या मोरीत सागाची पाने अडकली, तमक्या दगडाजवळ डोंगराचे पाणी रस्त्यावर आले. मुकादमाला निरोपही तसाच जायचा आणि दुसऱ्या दिवशी माणसे बरोबर त्याच जागी येऊन उभी राहायची.

आता गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. माझा भाचा रात्री मोटारसायकलवरून घरी येत होता. गायमुखच्या पुढे घाटात खड्ड्यात चाक गेले, तो पडला आणि मनगट मोडले. मदतीसाठी फोन केला तर पहिला प्रश्न आला, 'नक्की कुठे?' तो म्हणाला, घाटात. घाटात म्हणजे कुठे? एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला झाडी, अंधार आणि पाऊस. सांगण्यासारखी एक खूण नव्हती. रुग्णवाहिका एकदा त्याच्या समोरून पुढे गेली आणि वळून परत आली. पुढे खड्ड्याची तक्रार करायला मी स्वतः गेले. एका कार्यालयात सांगितले, तो भाग आमच्याकडे नाही. दुसरीकडे म्हणाले, जागा नेमकी सांगा, मग बघू. जागा नेमकी कशी सांगू? ती सांगणारा दगडच तिथे नाही.

या रस्त्यावर कुणाची हद्द कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे चांगल्या जाणत्या माणसालाही सांगता येणार नाही. मूळ राज्यमार्ग बांधकाम खात्याचा. मेट्रो आणि सेवा रस्ते जोडण्याचे काम एमएमआरडीएचे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे. अलीकडे ठाणे महापालिका, घाटापलीकडे मीरा-भाईंदर महापालिका. घाटाच्या दोन्ही बाजूंना संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, म्हणजे वनखाते आले. पोलीस आयुक्तालयेही दोन. मधे बांधा-वापरा-हस्तांतरित कराच्या, म्हणजे कंत्राटदाराने रस्ता बांधून टोल घ्यायच्या, काळात गायमुखला टोलनाका होता, तो टोलही आम्ही भरला. एवढ्या हातांतून गेलेल्या रस्त्याला नंबर घातलेला दगड जास्तच हवा.

आणि रस्ता काही लहान नाही. माजिवडा-कापूरबावडीला मुंबई-आग्रा महामार्ग सोडायचा आणि सुमारे 20 किलोमीटरवर फाउंटन हॉटेलजवळ अहमदाबाद महामार्गाला लागायचे. जेएनपीटीतून, म्हणजे न्हावा-शेवा बंदरातून, गुजरातकडे जाणारे कंटेनर उरण, कळंबोली, मुंब्रा वळणरस्ता करत याच रस्त्याने जातात. ठाण्याहून निघाले की डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला खाडी, ही संगत जवळजवळ शेवटपर्यंत सुटत नाही. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे, भाईंदरपाडा, नागला, गायमुख, मग घाट, चेणे आणि शेवटी घोडबंदर. नावे नीट ऐकली तर हा मुलूख कळतो. पाडे आहेत, बीळ आहे, बावडी आहे, बंदर आहे. वाघबीळला आज मजल्यावर मजले चढले आहेत, पण उद्यानातला बिबट्या अजून त्याच डोंगरात आहे. घाटात रस्ता उद्यानाचा नागला भाग मुख्य जंगलापासून तोडतो. तिथे रात्री रस्ता ओलांडताना गाडीखाली बिबटे मेले आहेत.

मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. चौथीच्या वर्गात दरवर्षी विचारायची, घोडबंदर कुठे आहे? निम्मी मुले म्हणायची, 'बाई, आम्ही राहतो तेच.' त्यांचे चुकत नव्हते. दारावरच्या पाटीपासून आधार कार्डापर्यंत सगळीकडे 'घोडबंदर रोड' हाच पत्ता. पण घोडबंदर गाव घाटाच्या पलीकडे, मीरा-भाईंदरच्या हद्दीत आहे. आज लाखो माणसे ज्याच्या नावाने पत्ता सांगतात, ते गाव त्यांतल्या बहुतेकांनी पाहिलेले नाही. एका वर्षी वर्ग घेऊन गेले. बसमध्ये मुलांना दगड मोजायला सांगितले होते, म्हणजे निदान वाट तरी लक्षात राहील. तेव्हाही मधले काही दगड नव्हतेच. मुलांनी ते 'हरवलेले' म्हणून वहीत लिहिले.

घोडबंदरच्या किल्ल्यावर उभे राहिले की हा रस्ता इथे का आहे ते आपोआप कळते. खाली वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदी समुद्राला मिळते ती वाट. पलीकडे वसई. वर खाडीने गेले की ठाणे. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि साष्टी बेटाचा हा उत्तर काठ त्यांनी किल्ल्यांनी बांधून काढला. या बंदरात अरबी घोडे उतरत, त्यावरून घोडबंदर, असे पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी घेतला. आजचे मध्यवर्ती कारागृह ते हेच. त्याच मोहिमेत घोडबंदरही आले आणि 1739 च्या मे महिन्यात वसई पडली. ठाणे आणि वसई यांच्या मधल्या या काठावरून तेव्हा काय ये-जा झाली असेल, याची कल्पना घाटात उभे राहून करता येते. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे राहिली. माल आधी पाण्याने जायचा, तो मागाहून रस्त्याने जाऊ लागला. नागल्याला रेतीची बंदरे तर माझ्या डोळ्यांदेखत चालू होती. रेतीने भरलेले ट्रक दारावरून जात आणि दादा त्यांच्या मागून सांडलेली रेती झाडत.

आता ठाण्याहून बोरिवलीला डोंगराखालून जुळा बोगदा होतो आहे. त्याचे भूमिपूजन जुलै 2024 मध्ये झाले. बाळकुम ते गायमुख खाडीकिनाऱ्याने वेगळा मार्ग होतो आहे. मेट्रो गायमुखपर्यंत जाणार. हे सगळे व्हावे, आम्ही फार वर्षे कोंडीत काढली आहेत. मेट्रोच्या स्थानकांना कासारवडवली, गायमुख ही नावे मिळाली याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र एका स्थानकाचे नाव एका गृहसंकुलावरून 'विजय गार्डन' ठेवले आहे, ते मला पटत नाही. जवळच्या गावाचे नाव असताना ते का घेऊ नये?

माझी विनंती अशी आहे. सेवा रस्त्यांचे काम संपून शेवटचा डांबराचा थर पडेल, त्याच वेळी कापूरबावडीपासून घोडबंदरपर्यंत प्रत्येक किलोमीटरला दगड लावावा. घाटात तर दर 200 मीटरला लावावा. दगडावर आकडा, गावाचे नाव आणि तो तुकडा ज्याच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाचे नाव व दूरध्वनी क्रमांक असावा. कार्यालय बदलले तर ते नाव पुसून नवे लिहावे. चुन्याच्या काळात हे दर वर्षी होत होते, आता न जमण्यासारखे काही नाही. गायमुखला आणि घोडबंदर गावाच्या वेशीवर रस्त्याचा इतिहास सांगणारी एकेक पाटी मराठीत लावावी. कोट्यवधींच्या कामात हा खर्च कुणाच्या नजरेतही भरणार नाही.

रुंदीकरणाच्या वेळी दादांच्या तुकड्यातला एक दगड गटारात पडला होता. ते निवृत्त झाले होते, तरी दोन माणसांच्या मदतीने तो त्यांनी घरी आणला आणि आंब्याखाली ठेवला. खाते मागायला येईल म्हणून ते वाट पाहत होते. आकडा आता गेला आहे. पाऊस पडला की 'घोडबंदर' ही अक्षरे मात्र वर येतात, बोट फिरवले तर लागतात. ज्यांच्याकडे आता हा रस्ता आहे त्यांनी कुणाला तरी पाठवावे. दगड आमच्याकडे आहे, मी तो त्यांच्या स्वाधीन करीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ओवळे, ठाणे (पश्चिम)